माजा गेलो

लढाईच्या वर्षी आमच्या क्वार्टर्सवर बॉम्ब पडणार होता. पडला नाही. पण तो पडणार म्हणून आम्हा बायकांना जे शिकवलं होतं, ते पुढच्या श्रावणात भर दुपारी नारळाच्या झाडाखाली बाहेर काढावं लागलं.

आम्ही कलकत्त्यात खिदिरपूरला राहायचो, गोदीला लागून. आमचे हे कस्टम्समध्ये होते. इमारतीत सगळ्या देशाची माणसं होती. खाली पंजाबी, वर मद्रासकडचे, समोर बंगाली आणि मधल्या मजल्यावर आम्ही दोघं, मुलं आणि सासूबाई. लढाईची बोलणी सुरू झाली तसा सैन्यातून निवृत्त झालेला एक बंगाली डॉक्टर दुपारचा क्वार्टर्सच्या क्लबात येऊ लागला. त्याचं म्हणणं सरळ होतं. बॉम्ब गोदीवर टाकतील, तो तुमच्यावर पडेल, आणि तुमचे नवरे तेव्हा ऑफिसात असतील. तेव्हा बायकांनी शिका.

घरी ह्यांना हसू आवरेना.

"चौथी पास झालीस आणि आता लोकांची हाडं जोडणार?"

"तुम्ही बी.ए. झालात," मी म्हटलं, "तुम्हाला शर्टाचं बटण तरी जोडता येतं का?"

मग ते पेपर वाचत बसले.

पहिल्या दिवशी डॉक्टरने पट्टी हातात दिलीच नाही. दरवानाला जमिनीवर आडवं पाडलं आणि आम्हाला त्याच्याभोवती हात पाठीमागे बांधून उभं केलं. हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. तो म्हणाला, पडलेल्या माणसाकडे कोणी बघत नाही, सगळे त्याच्या अंगावर जाऊन पडतात. आधी वर बघा, आजूबाजूला बघा. ज्याने ह्याला पाडलं ते अजून तिथेच आहे का? तार, भिंत, मशीन? नाहीतर एकाचे दोन मरीज होतील. मग जवळ जा. श्वास चालतो का, रक्त वाहतं का, ते बघा. मग डोक्यापासून टाचेपर्यंत चाचपा, आणि तोंडाने विचारत राहा. "उठाना सबसे आखिरी काम है," असं तो दर वेळी बजावायचा. लोक तेच सगळ्यात आधी करतात.

मला लिहून घेऊन पाठ करायची सवय नाही. मी त्याचं माझ्या पद्धतीने बसवलं. आधी उतू जाणारं, मग करपणारं, मग शिजायचं राहिलेलं. श्वास बंद पडला किंवा रक्ताची धार लागली की ते उतू जाणारं, बाकी सगळं टाकून तिकडे धावायचं. हाड मोडलं ते करपणारं, हलवाल तितकं बिघडेल. खरचटलं, टेंगूळ आलं, ते बसेल थांबून. डॉक्टरला माझ्या हिंदीत हे सांगितलं तर तो खूप हसला, आणि पुढच्या वेळी सगळ्या बायकांना स्वतःचं म्हणून सांगू लागला. मी तिथेच उठून म्हटलं, "ये मेरा है." तो म्हणाला, "हाँ जी, आपका है." मग शिकवणं पुढे चाललं.

माणूस उचलायची वेळ आली की घोळ व्हायचा. मी तीन म्हणताना उचलायची, पंजाबीण तीन म्हणून झाल्यावर, आणि मद्रासकडची तिच्या भाषेत मोजत असायची. दरवान एकदा तिरका होऊन डोक्यावर आपटला. शेवटी डॉक्टरने आकडे बंद केले आणि गोदीतले हमाल ओझं ओढताना म्हणतात तो शब्द ठरवून दिला. हेंइओ. 'हें' ला धरायचं, 'ओ' ला उचलायचं. मला डोक्याकडे उभं केलं. हुकूम द्यायचा आवाज माझा होता, आणि मरीज म्हणून मला झोपवण्यात अर्थ नव्हता. मला उचलणं कोणाला जमलं नसतं.

लढाई लवकर आटोपली. डॉक्टर यायचा थांबला. स्ट्रेचर, पट्ट्या, मोडलेल्या हाडाला बांधायच्या खपच्या, सगळं क्लबाच्या खोलीत कुलपात गेलं. किल्ली सेक्रेटरीकडे, आणि सेक्रेटरी दिवसभर ऑफिसात. बॉम्ब ऑफिस सुटल्यावरच पडेल असं बहुधा त्यांनी धरलं होतं.

क्वार्टर्सच्या आवारात नारळाची झाडं होती. पोरांच्या डोक्यात नारळ पडू नयेत म्हणून एक माणूस अधूनमधून येऊन ते उतरवायचा. पूर्व बंगालातून उठून आलेला, काटक, कमी बोलणारा. बायको सोबत असायची. तो वरून घड सोडायचा, ती टोपली भरून फाटकापाशी नेऊन रचायची. त्या श्रावणातल्या दुपारी मी गॅलरीत तांदूळ निवडत होते. खोडं पावसाने ओली होती. धप्प आवाज आला. नारळ पडल्याचा आवाज मला चांगला माहीत होता. हा तो नव्हता.

मी जिना उतरून जाईपर्यंत दरवान आणि पंजाबीण पोचले होते. माणूस झाडाखाली उताणा पडला होता, वाफ्याच्या विटांवर कंबर आदळून. दात विचकलेले, डोळे उघडे. दरवानाने त्याच्या काखेत हात घातले होते आणि त्याला बसता करायच्या बेतात होता.

"माजा," तो माणूस म्हणत होता. "माजा गेलो. माजा..."

"सुन रही हैं माईजी?" दरवान मला म्हणाला. "गिर के भी बोलता है मजा! ताड़ी पी के चढ़ा था."

"बिठा दे, बिठा दे," पंजाबीण म्हणाली. "मुँह पे पानी मार, अभी उतरेगी सारी."

मलाही बंगाली यथातथाच यायचं. भाजीवाल्याशी भांडण्यापुरतं. पण हा शब्द मी रोज घरात ऐकत होते. आमच्या सासूबाई सातारकडच्या. पाटावरून उठताना त्या रोज म्हणायच्या, "माज धरली गं बाई माझी." कंबरेला त्या कंबर म्हणतच नसत. बंगाल्यांकडे कंबरेला कोमर म्हणतात हे मला ठाऊक होतं, पण हा तिकडच्या पल्याडचा माणूस. आणि 'गेलो' म्हणजे काय ते तर मला कोणी सांगायला नको होतं. हा दारू प्यायला नव्हता. ह्याची माज गेली होती. आणि त्याला बसता केला, दुमडला, की मोडलेलं हाड आतल्या शिरेत घुसणार होतं. मग त्याचे पाय कायमचे गेले असते. झाडावर चढून पोट भरणाऱ्या माणसाचे पाय.

"हात पाठीमागे!" मी ओरडले. मराठीतच ओरडले.

दोघांनीही मुकाट्याने हात पाठीमागे बांधले. डॉक्टरची सवय अंगात मुरली होती. दरवान तर पडून राहून शिकलेला, तरी त्यानेही बांधले.

गॅलरीतून सासूबाई वाकून बघत होत्या. "काय म्हणतोय गं तो?"

"माजा गेलो म्हणतोय!"

"अगंबाई! आपल्याकडचा आहे का?"

त्यांना उत्तर द्यायला वेळ नव्हता. मी वर बघितलं. शेंड्याला अर्धवट कापलेला नारळांचा घड एका दांड्यावर लोंबत होता, सरळ ह्याच्या तोंडावर. म्हणजे ह्याला इथे ठेवता येत नव्हतं, आणि ओढूनही नेता येत नव्हतं. मग दरवानाची खाट दिसली.

"खटिया लाव! ऊपर पकड!"

त्याने आणि पंजाबीणीने खाट उचलून त्या माणसावर छपरासारखी धरली. मी खाली शिरून गुडघ्यांवर बसले. बसते न बसते तोच एक नारळ सुटून खाटेच्या सुतळीवर आदळला आणि उसळून कुंपणाकडे गेला. "हाय रब्बा!" पंजाबीण किंचाळली, पण खाट सोडली नाही. चांगली दणकट बाई होती.

उतू जाणारं आधी. बोलत होता, म्हणजे श्वास होता. कोपर सोललं होतं, कपाळावर ओरखडा, रक्ताची धार कुठेच नव्हती. अंग गार आणि घामेजलेलं, नाडी पळत होती. मान दुखते का विचारलं. नाही म्हणाला. डोक्यामागे हात घातला, ओलं काही लागलं नाही. छाती हलकेच दाबली, पोट दाबलं. पोट मऊ होतं. कंबरेखालच्या पोकळीत बोटं सरकवली तेव्हा तो इतक्या जोरात ओरडला की वरची खाट हलली.

आता पाय. मी डाव्या अंगठ्याला चिमटा काढला. "लागछे?" लागतंय म्हणाला. उजव्याला काढला. तो गप्प. मी नख रोवून पुन्हा काढला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "एकटू." थोडंसं. हलवायला सांगितलं. डाव्या पायाची बोटं हलली. उजव्याची मी बघत राहिले, आणि एकच करंगळी जराशी आत वळली.

म्हणजे गेलं नव्हतं. जायच्या वाटेवर होतं. आता पुढे कोण कसं हात लावेल त्यावर होतं.

तेवढ्यात फाटकावरून त्याची बायको धावत आली, हातात पाण्याची घागर. "ओरे तोलेन! ओरे तोलेन गो!" त्याला उचला, त्याला उचला, म्हणून तिने त्याचा दंडच धरला. मी तिचं मनगट पकडलं. तिने मला ढकललं. मी काही ढकलून हलणारी नाही.

"जल ना," मी म्हटलं. "तोलबे ना. तोलले पा जाबे." पाणी नाही, उचलायचं नाही, उचललं तर पाय जातील. माझं बंगाली इतकंच होतं, पण तिला कळलं.

ती मटकन बसली. "पा गेले खामु की?" पाय गेले तर खाऊ काय, असं तिने मला विचारलं, जसं काही मी तिला जेवण नाकारत होते.

रडणाऱ्या माणसाला काम द्यावं, हे मला डॉक्टरने शिकवायला लागलं नाही. मी तिचे दोन्ही तळवे त्याच्या कानांवर ठेवले. डोकं असंच सरळ धरायचं, आणि त्याने तुझ्याकडेच बघायचं. तिने धरलं. मग ती त्याला शिव्या द्यायला लागली, ओल्या खोडावर का चढलास म्हणून, आणि तो तिच्याकडे बघत राहिला. मला तेच हवं होतं.

दरवान म्हणाला खाटेवर घालून नेऊ. मी नाही म्हटलं. खाटेची झोळी होते, माणूस मधे खचतो. पाहिजे होतं सपाट, कडक काहीतरी. मद्रासकडची बाई एव्हाना खाली आली होती. फार बोलायची नाही, पण शिकलेलं पक्कं होतं तिचं. मी "फळी" म्हणायच्या आत ती कोळशाच्या खोलीकडे पळाली आणि तिथलं दार बिजागरीतून उचलून एकटीने ओढत घेऊन आली. काळी झाली होती नखशिखांत.

पट्ट्या कुलपात. मी गॅलरीकडे बघून हाक मारली, "सासूबाई, लुगडं टाका!"

"कुठलं?"

"वाळतंय ते!"

"ते नवं आहे!"

"म्हणूनच! जुनं फाटेल!"

नऊवार लुगडं वरून तरंगत आलं. त्यामागून, न मागता, दोन उशा आणि एक चादर. सासूबाईंनी तोंडाने कधी हो म्हटलेलं मला आठवत नाही, पण वस्तू वेळेवर यायची.

खाट आता फाटकातून धावत आलेल्या एका हमालाने आणि धोब्याने धरली. आम्ही खाली रांगेत बसलो. डोक्याशी मी, खांद्याला दरवान, कंबरेला पंजाबीण, पायांना मद्रासकडची. त्याच्या बायकोला दार धरायला सांगितलं. आधी त्याचे पाय एकमेकांना बांधले, गुडघ्यांमधे कापडाची घडी घालून. मग त्याला ओंडक्यासारखं कुशीवर फिरवायचं, दार मागे सरकवायचं, आणि परत ओंडक्यासारखं दारावर आणायचं. नाक, बेंबी आणि पायाचे अंगठे एका रेषेत राहिले पाहिजेत. एकजण जरी आधी हलला तरी माणूस पिळला जाणार.

मी सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं.

"हें...इओ!"

चौघांचे हात एकदम फिरले. दार आत आलं. परत "हें...इओ," आणि तो दारावर उताणा. ओरडला नाही. मी लगेच उजव्या पायाकडे गेले आणि म्हटलं, हलव. करंगळी वळली, आणि या वेळी शेजारचं बोटही.

पंजाबीणीने माझ्या पाठीत थाप मारली. अजून दुखते.

कंबरेखालच्या पोकळीत चादरीची घडी भरली, डोक्याच्या दोन्ही बाजूंना उशा, आणि लुगड्याने छाती, कंबर, मांड्या, घोटे सगळं दाराला आवळलं. नऊ वारांतला एक वारही फुकट गेला नाही. मग दार उचलून झाडापासून लांब आणलं. उरलेला घड थोड्या वेळाने खाली आला, रिकाम्या जागेवर. त्यात पाच-सहा नारळ फुटले. कोणी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

दरवान टॅक्सी घेऊन आला. टॅक्सीवाला म्हणाला, मागच्या सीटवर टाका, पाच मिनिटांत पोचवतो.

"मागच्या सीटवर हा घडी होऊन मावेल," मी म्हटलं. "मला घडी केलेला नकोय."

रस्त्यावरून एक ठेलेवाला लांबलचक ठेला, म्हणजे ओढायची हातगाडी, रिकामा घेऊन चालला होता. त्याला थांबवला. दार ठेल्यावर बरोबर बसलं, खाली गोणपाटं घातली. आणि आम्ही निघालो. पुढे ठेलेवाला आणि दरवान, दोन्ही अंगांना आम्ही तिघी हात लावून, डोक्याशी त्याची बायको. गोदीच्या त्या रस्त्यावर कधी कोणाला वाट मिळालीय? लॉऱ्या, बैलगाड्या, बसेस. पंजाबीण ओढणी कमरेला बांधून पुढे झाली आणि लॉऱ्यांसमोर हात पसरून उभी राहू लागली.

"ओए, रोक! देखता नहीं, आदमी जा रहा है!"

एका लॉरीवाल्याने विचारलं, जिवंत आहे की मेलेला?

"तेरे से ज़्यादा ज़िंदा है!"

खड्डा आला की मी ओरडायची, ठेला थांबायचा, आम्ही चाकं हाताने उतरवून द्यायचो. मधे मधे मी त्याला अंगठा हलवायला सांगायची. लोक दुकानातून उतरून बघत होते. कोळशाने काळी झालेली एक, घामाने भिजलेली एक, आणि मी चप्पल न घालता निघालेली. नऊवार लुगड्यात बांधलेला पुरुष त्यांनी पहिल्यांदाच बघितला असणार. मला कोणाची लाज वाटली नाही. आम्ही बरोबर करत होतो आणि आम्हाला ते माहीत होतं. आयुष्यात अशी वेळ फार येत नाही, आली की ताठ चालावं.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टर आला. वॉर्डबॉय त्या माणसाला दारावरून उचलायला लागले. मी म्हटलं, दारासकट. डॉक्टरने गाठी बघितल्या, काय झालं विचारलं. मी ओळीने सांगितलं. झाडावरून पडला, पाठीवर. शुद्ध गेली नाही. श्वास ठीक, रक्त थोडं. मान ठीक, पोट मऊ. माजा मोडली. डावा पाय हलतो, उजव्याची आधी करंगळी, आता दोन बोटं. पाणी दिलेलं नाही. त्याने खिशातली पिन काढून स्वतः पाय तपासले, आणि वॉर्डबॉयना म्हणाला, जसा आहे तसा एक्स-रेला न्या. दार आत गेलं. लुगड्याला कात्री लावू नका, गाठी सुटतात, असं मी मागून सांगितलं. सासूबाईंना तोंड मला द्यायचं होतं.

मणका तडकला होता. सरकला नव्हता. डॉक्टर म्हणाला, महिने लागतील, आणि पाय येतील की नाही ते तेव्हाच कळेल. मग तो माणूस फळीवर पडून राहिला आणि आम्ही वाट बघत राहिलो. आळीपाळीने डबा न्यायचो. मी गेले की आधी पांघरूण वर करून बोटं बघायची, मग त्याचं तोंड. इकडे कोळशाच्या खोलीला दार नाही म्हणून सेक्रेटरीने आमच्या ह्यांच्याकडे तक्रार केली. हे म्हणाले, "आमच्या घरातल्या डॉक्टरीणबाईंना विचारा, त्यांनी ते पेशंटला लिहून दिलंय." चेष्टेत म्हणाले, पण चारचौघांत म्हणाले आणि छाती काढून म्हणाले.

थंडी संपता संपता एका सकाळी खालून दरवानाची हाक आली. मी गॅलरीत गेले. तो फाटकातून चालत येत होता. हातात काठी, शेजारी बायको. उजवी टाच जरा घासत होती, पण पाय आपापला उचलत होता. आम्ही सगळ्या खाली उतरलो, सासूबाईसुद्धा.

तो हात जोडायला लागला. मी म्हटलं, ते राहू दे, आधी उकिडवा बस. चालणं दाखवता येतं, काठीने कोणीही चालतो. आपल्या माणसाची कंबर बरी झाली की नाही ते उकिडवं बसून उठल्याशिवाय कळत नाही. मी हाताने दाखवलं. त्याने बायकोकडे बघितलं. तिने त्याच्या हातातली काठी काढून घेतली.

तो हळूहळू खाली गेला. टाचा टेकल्या. थोडा वेळ तसाच बसला, जमिनीकडे बघत. मग जमिनीला हात न लावता, गुडघ्याला हात न लावता, सरळ वर उठला.

पंजाबीणीने शिट्टी घातली. बायकांनी शिट्टी घालायची नसते असं सासूबाई म्हणाल्या, पण त्यांचं कोणी ऐकलं नाही. मद्रासकडची हसत होती. त्याची बायको मात्र हसली नाही. काठी काखेत मारून ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आबार." पुन्हा.

तो पुन्हा बसला, पुन्हा उठला.

"आबार," ती म्हणाली. त्याने मान हलवून कुरकुर केली, पण बसला. आणि उठला. तिचं काही केल्या बघून होईना, आणि खरं सांगायचं तर आमचंही.